ट्रेलरमागची इसालेची पानं

"पाय मागं घे. माझ्या जमिनीवर पडलाय त्यो."

"पाय माझा, जमीन माझी. मदी तुझं काय पडलंय?"

अकरा वर्षं आमच्या वळणावर दिवस असाच उगवायचा. रस्त्याच्या एकाच बाजूला, उताराच्या खालच्या अंगाला पांतालेओ कवीशेची केळीची बाग, वरच्या अंगाला सिरिली तेशाची, आणि दोन्हींच्या मधे रस्त्याला लागून एक सपाट पट्टी. रुंदीला आठ पावलं, लांबीला वीस. आमच्या किलिमांजारोच्या उतारावर वाटी ठेवली तरी कलंडते, तिथं असली सपाट जागा म्हणजे सोनंच. पांतालेओ म्हणायचा ती माझ्या आजाची. सिरिली म्हणायचा ती माझ्या आजाची. पट्टीच्या दोन्ही कडांना इसालेच्या झुडपांची एकेक रांग होती. त्यातली कोणती रांग म्हणजे खरा बांध हे त्या दोन आजांनाच ठाऊक, आणि ते दोघंही केव्हाच मातीआड झालेले. अकरा वर्षांत त्या पट्टीवर कोणी मक्याचा दाणा टोचला नाही. शेळीसुद्धा तिथं चरायची नाही. दोन्हीकडून दगड यायचे.

माझं घर रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर. त्यामुळं हे भांडण मला अंथरुणातच ऐकू यायचं. एखाद्या दिवशी ऐकू आलं नाही तर दोघांपैकी कोण आजारी पडलं म्हणून मी बघायला जायचो.

तर त्या शुक्रवारची गोष्ट. थंडीचे दिवस, धुकं इतकं दाट की अंगणातली कोंबडी हाताला लागेपर्यंत दिसत नव्हती. खाली चर्चच्या मैदानावर गुरुवारी दिवसभर अॅव्होकाडो भरले होते. गावातल्या तीस बायकांचा माल, आणि तो गोळा केलेला देवोताच्या आईनं. नाव तिचं अंजेलिस्ता, पण लेक झाल्यापासून तिला नावानं कोणी हाक मारत नाही. आधी आम्ही माल छोट्या गाड्यांतून सीमेवर धाडायचो. प्रत्येकीची गाडी वेगळी, कागद वेगळा, आणि खड्ड्याखड्ड्यानं आपटून फळं अशी काळी पडायची की पलीकडचा व्यापारी नाकाला रुमाल लावायचा. देवोताची आई दारोदार फिरली. म्हणाली, "एकच मोठा ट्रेलर आणू. समद्यांचा माल एका ताडपत्रीखाली, समद्यांचा एकच कागुद. शनिवारी दुपारच्या आत सीमेवरच्या ताराकेयाच्या फाटकावर पोचला तर व्यापारी घेनार. न्हाई पोचला तर माझ्या दारात येऊन मला शिव्या घाला."

तीस जणींनी तिच्या शब्दावर झाडं रिकामी केली. तीसच्या तीस जणींना शिव्या उत्तम येतात.

शुक्रवारी सकाळी ट्रेलर निघाला. चर्चपासून आमच्या वळणापर्यंत चढला, पट्टीच्या जरा वर गेला, आणि तिथं इंजिनानं असा आवाज केला की जसा म्हातारा खोकताना मधेच थांबतो. जळक्या वासाचा धूर आला. रस्त्यावर आडवंतिडवं धूड उभं राहिलं.

मी काठी घेऊन गेलो. ड्रायव्हर खाली उतरला होता. पन्नाशीचा, बुटका, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. समुद्राकडचा माणूस, टांगा शहरातला. तिकडची माणसं बोलतात फार गोड, शिवीसुद्धा साखरेत बुडवून देतात. नाव त्याचं कोंबो.

"आजोबा, नमस्कार. क्लच जळला. गाडीला तुमचा डोंगर काही मानवला नाही."

तेवढ्यात देवोताची आई धावत आली. कमरेला गुंडाळलेलं कापड वर खोचलेलं, एका पायात चप्पल.

"ड्रायवरभाऊ, काय झालं? माझा माल?"

"तुमच्या मालाला काही झालं नाही, ताई. घाबरू नका. असं बघा, हे पुढचं आहे ना, हे डोकं. मागचं ते धड. दुखणं आलंय ते डोक्याला. धड ठणठणीत आहे."

"डोकं बिघडल्यावर धडाचं काय लोणचं घालू?"

कोंबो हसला. "ताई, तुम्ही बाजाराला टोपली नेता. चालता चालता पाय मुरगळला तर काय करता?"

"दुसरीच्या डोक्यावर देते."

"बस. ट्रेलर म्हणजे टोपली. खाली हिमो गावात आमचं दुसरं डोकं आहे. मी फोन केलाय. ते उद्या पहाटे येईल, टोपली उचलेल आणि दुपारच्या आत फाटकावर नेऊन ठेवेल. फळाला हातसुद्धा लावायचा नाही. टपावर चढवलेल्या मालात आणि ट्रेलरमध्ये हाच तर फरक."

देवोताच्या आईनं छातीवरचा हात काढला. "मंग झालं की!"

"एकच अडचण." कोंबोनं टोपी सारखी केली. "धड असं चढावर सोडता येत नाही. त्याला पुढं दोन लोखंडी पाय आहेत, ते सपाट जमिनीवर टेकवावे लागतात. उतारावर टेकवले तर धड आपल्या पायानं समुद्रापर्यंत जाईल. आणि दुसरा ड्रायव्हर म्हणाला, वळणावर धुक्यात मी डोकं मागं घालणार नाही. धड रस्त्याच्या बाजूला सपाट जागी उभं असेल तर येतो, नाहीतर झोपतो."

मग तो आजूबाजूला बघायला लागला. तो कशाकडं बघणार हे मला आणि देवोताच्या आईला आधीच कळलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"ही काय, मागंच तर आहे जागा!" कोंबो म्हणाला. "चाकाला जोर पोचत नाही, पण इंजिन अजून चालतं, ब्रेकला हवा आहे. हळूहळू मागं सोडत आणतो. अर्ध्या तासाचं काम. कोणाची आहे?"

"त्येच तर अकरा वर्सं चाललंय," मी म्हणालो.

देवोताची आई आधी पांतालेओकडं गेली. मी सोबत होतोच. तो चुलीपाशी बसून केळं भाजत होता.

"मेकू, एक रात टेलर उभा करू द्या तुमच्या पट्टीवर."

'मेकू' हा आमच्यात वडीलधाऱ्याचा मान. त्यात 'तुमच्या पट्टीवर' म्हटल्यावर पांतालेओ फुलला. "कर की. माझी काय ना न्हाई. फकस्त त्या सिरिलीला इचारू नगंस. त्याला इचारलंस म्हंजी जागा त्याची ठरली. मंग माझी ना."

सिरिलीकडं गेलो. तो म्हणाला, "उभा कर, बाई. पन पांतालेओ व्हय म्हनाला असंल तर मी न्हाई म्हनतोय. त्यो कोन व्हय म्हननारा?"

"आन् त्यो न्हाई म्हनाला तर?"

"तरी न्हाईच. न्हाई म्हनायला तरी त्यो कोन?"

देवोताची आई माझ्या ओट्यावर येऊन बसली. उरलेली एक चप्पल पायातून काढून झटकली. मग म्हणाली, "मेकू, तीस जणी हायती. कुनाकुनाच्या समोरून जाऊ मी?" आणि उठून गाव गोळा करायला गेली, निदान पेट्या उतरवून छोट्या गाड्या तरी शोधू म्हणून. उतरवलेलं फळ पुन्हा चढवायचं म्हणजे निम्मं गेलंच हे तिलाही माहीत होतं.

इकडं कोंबोनं आपलं काम केलं. बंद पडलेल्या गाडीच्या पुढं-मागं रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकायच्या, म्हणजे येणारा ड्रायव्हर लांबूनच सावध होतो. हे देशभर सगळेच करतात. आम्हीही करतो. पण आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा त्यासाठी निलगिरी तोडील, नाहीतर कॉफीची फांदी तोडून आईचा मार खाईल. इसालेला हात लावणार नाही. इसाले आमच्या बांधावर, इसाले आमच्या मयतावर. आणि कोणाचं वाकडं केलं असेल तर इसालेच्या पानाला गाठ मारून त्याच्या दारात ठेवायची. गाठ मारलेलं पान दारी आलं की माणसानं माफ करायचंच. त्यात दुसरा रस्ता नाही. पान झिडकारणाऱ्याचं घर बसतं म्हणतात, आणि ते खरं की खोटं हे बघायला आजवर कोणी थांबलेलं नाही.

समुद्राकडच्या माणसाला यातलं काय माहीत? त्याला दिसली पट्टीच्या कडेची लांब, रुंद, हिरवीगार पानं. एकाच झुडपाला ओरबाडायला नको म्हणून त्या भल्या माणसानं दोन्ही रांगांतले शेंडे थोडे थोडे कापले. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून प्रत्येक शेंड्याच्या पानांना नीट गाठ मारली. सहा शेंडे ट्रेलरच्या मागं चाळीस पावलांवर ठेवले. तिथं पांतालेओचं फाटक. पाच शेंडे पुढं चाळीस पावलांवर ठेवले. तिथं सिरिलीचं.

मी तोवर घरात जाऊन कांजी पीत होतो; जाताना कोंबो गाडीतून कोयता काढताना दिसला होता, एवढंच. रस्त्यावर गलका झाला तसा वाडगा हातात घेऊनच बाहेर आलो.

धुक्यातून खालून पांतालेओ येत होता. अंगात लग्नातला कोट, एका हातात म्बेगेचा, म्हणजे आमच्या केळीच्या दारूचा, तुंबा, दुसऱ्या हातात इसालेचे सहा शेंडे. डोळे पाणावलेले. मागं वीसपंचवीस बायका-माणसं. वरून सिरिली येत होता. त्याच्याही अंगात कोट, त्याच्याही हातात तुंबा, आणि काखेत पाच शेंडे. ट्रेलरच्या मधोमध दोघं एकमेकांसमोर आले.

पांतालेओनं घसा साफ केला. "सिरिली, तुझं पान पोचलं. म्या तुला माफ केलं."

सिरिलीनं काखेतली पानं चाचपली. मग म्हणाला, "कुनी कुनाला? म्या तुला माफ करायला निघालोय. तुझं पान माझ्या दारात."

"माझं पान? सहा सहा पानं तू माझ्या फाटकात ठिवलीस, गाठी मारून!"

"सहा? मला तू पाचच ठिवलीस? माझी किंमत एका पानानं कमी?"

"म्या ठिवलीच न्हाईत!"

"मंग काय इसाले चालत आलं?"

"तुझं चालतंच की! तुझी रांग अकरा वर्सं चालतीया!"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मला एकदम कोंबोच्या हातातला कोयता आठवला. देवोताची आई माझ्या शेजारी उभी होती. तिनंही ओळखलं असावं, कारण तिनं माझा दंड असा दाबला की दोन दिवस निळा होता.

"गप ऱ्हावा, मेकू," ती दातांतल्या दातांत म्हणाली. मग मोठ्यानं ओरडली, "अवो, पान कुनाचं बी असू द्या! दोघं बी माफ करायला आलाय न्हवं? मंग तुंबा उघडा की! उभ्या उभ्या म्बेगे आंबट झाली!"

गावानं "उघडा, उघडा" केलं. दोघं म्हातारे अडकले. कोट घालून आलेला माणूस परत कसा जाणार? पांतालेओनं सिरिलीच्या तुंब्यातून घोट घेतला, सिरिलीनं पांतालेओच्या. तोंडं दोघांनी कडू औषध प्यायल्यासारखी केली, पण घोट गिळला. मी दोघांच्या गळ्याकडं बघत होतो. गिळला.

तेवढ्यात खालच्या वळणावर कर्कश हॉर्न वाजला, ब्रेक करकरले, आणि धुक्यातून बसचं नाक बाहेर आलं. ट्रेलरच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर थांबलं. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाडीखालून अंगाला तेल फासलेला कोंबो धडपडत बाहेर आला.

"माझ्या फांद्या कुठं गेल्या? चांगल्या गाठी मारून ठेवल्या होत्या मी! मागं सहा, पुढं पाच! कोणी उचलल्या?"

मग त्याला दोन्ही म्हाताऱ्यांकडची पानं दिसली. "ह्याच त्या! आजोबा, अहो, खेळायच्या वस्तू आहेत का या? माणसं मेली असती!"

पांतालेओनं हातातली पानं वर धरून गाठी निरखल्या.

"ही पानं तू ठिवलीस?" पांतालेओनं विचारलं.

"मग कोणी?"

"कापलीस कुठनं?" सिरिलीनं विचारलं.

कोंबोनं पट्टीकडं बोट केलं. "दोन्हीकडून. थोडी थोडी."

दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. बांधाचं इसाले कापणं म्हणजे आमच्यात जिवंत माणसाचं बोट कापण्यासारखं. गर्दी कोंबोच्या दिशेनं एक पाऊल सरकली. सिरिलीनं तुंबा खाली ठेवला. "म्हंजी ह्यानं माफी मागितलीच न्हाई तर!"

"म्या बी मागितली न्हाई," पांतालेओ म्हणाला. "मंग माझी माफी म्या परत घेतो."

"म्या बी परत घेतो!"

"घ्या की," देवोताची आई म्हणाली.

तिचा आवाज एकदम थंड होता. ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "घ्या परत. गाठीचं इसाले हातात धरून, एकमेकाच्या तुंब्यातला घोट घेऊन, समद्या गावाम्होरं दिलेली माफी आजवर कुनी परत घेतली आसंल तर त्याचं नाव सांगा. मला त्याचं घर बघायचंय, अजून उभं हाय का ते."

तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"इसाले काय इचारतं का, मला कुनी कापलं म्हनून? दारात आलं, उचललं, घोट घेतला. झालं. परत घ्यायची आसंल तर घ्या, पन आधी बायकापोरांना घराभायेर काढा. घर बसलं तर त्येंच्या अंगावर नगं."

सिरिलीनं आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं. धुक्यात घर दिसतच नव्हतं, त्यामुळं तो जास्तच घाबरला.

"तसं न्हवं," तो पुटपुटला, "परत कोन घेतंय? बोलायची एक रीत असती."

"पन ह्या टोपीवाल्याचं काय?" पांतालेओ कोंबोकडं बोट करून म्हणाला. "ह्यानं दोघांचं बी इसाले कापलंय!"

मी कोंबोच्या कानात चार शब्द सांगितले. माणूस शहाणा. त्यानं टोपी काढली, पांतालेओच्या हातातून एक शेंडा घेतला, सिरिलीच्या काखेतून एक, आणि दोन्ही हातांनी दोघांसमोर धरले. "आजोबा, माझं चुकलं. तुमच्या डोंगराची रीत मला माहीत नव्हती."

दोघांनी एकाच वेळी हात पुढं केले. अकरा वर्षांत त्या दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

"माफ केलं," पांतालेओ म्हणाला.

"आमी माफ केलं," सिरिली म्हणाला.

देवोताच्या आईनं ते 'आमी' तिथल्या तिथं पकडलं. "आता 'आमी' म्हनलाय तर पट्टी बी 'आमची' झाली. ड्रायवरभाऊ, चढा गाडीवर! पोरांनो, निलगिरी तोडून रस्त्यावर टाका! निलगिरी! आन् धोंडे आना चाकामागं लावायला!"

मग जे चाललं ते दुपारपर्यंत. ट्रेलर हातहातभर मागं येई, माणसं चाकामागं धोंडा सरकवत, कोंबो ब्रेक सोडी, पुन्हा लावी. सिरिली ओरडे, "डावीकडं घे!" पांतालेओ ओरडे, "उजवीकडं घे!" प्रत्येकाला ते धूड दुसऱ्याच्या बाजूला कमी आणि आपल्या बाजूला जास्त यायला हवं होतं. सकाळपर्यंत चाकाचा माग नको म्हणणारे हेच दोघं.

लोखंडी पाय टेकवायची वेळ आली तेव्हा कोंबो म्हणाला, "माती ओली आहे, खाली जाड फळ्या लागतील." सिरिलीनं गोठ्याचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून आणलं. पांतालेओ म्बेगे गाळायच्या लाकडी डोणीची फळी घेऊन आला. एक पाय दारावर टेकला, एक फळीवर. बरोबर मधून दोघांनी काठीनं एक रेघ ओढली, आणि रेघेवरून थोडं भांडले, पण चवीपुरतं.

शनिवारी उजाडताना हिमोचं दुसरं डोकं आलं. त्यानं आधी आजारी डोक्याला साखळीनं ओढून बाजूला काढलं, मग स्वतः मागं मागं सरकत धडाखाली शिरलं. खट्ट असा आवाज झाला. कोंबोनं ट्रेलरचे लोखंडी पाय वर उचलून घेतले, हवेची नळी जोडली, आणि पेटीतलं एक फळही न हलता ट्रेलर रस्त्याला लागला. देवोताची आई नव्या ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. "फाटकापत्तूर मी सोताच येते. कुनाच्या शब्दावर आता माझा इस्वास न्हाई, माझ्या बी न्हाई."

अकरा वाजून गेल्यावर माझ्या फोनवर तिचा आवाज आला. मागं गाड्यांचा कलकलाट. "मेकू, घेतला! समदा घेतला! एक बी फळ काळं न्हाई! तीस जणींना सांगा, शिव्या पुढच्या खेपंला ठिवा!"

मी सांगायला रस्ता ओलांडून गेलो. पांतालेओ आणि सिरिली पट्टीवर एकाच ओंडक्यावर बसले होते, तुंबा मधे. समोर मातीत दोन चौकोनी खड्डे. फळी आणि दार उचलून नेल्यावर ट्रेलरच्या पायांखाली उमटलेले.

"बघ," सिरिली म्हणत होता, "तुझ्याकडचा खड्डा बोटभर जास्त खोल हाय. तुझी जमीन मऊ."

"खोल हाय म्हंजी भार माझ्या जमिनीनं पेलला. तुझी नुस्ती बघत बसली व्हती."

मी माल पोचल्याचं सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या, जसा काही माल त्यांनी पाठीवरून नेला होता. मग मी म्हणालो, "देवोताची आई म्हनतीया, पुढच्या शुक्रवारी अजून एक टेलर भरायचा. चर्चपासनं चढ नगं, हितंच उभा करून भरू का, इचारलंय तिनं."

पांतालेओनं खड्ड्यात काठी घालून खोली पुन्हा मोजली.

"येऊ दे की," तो म्हणाला. "फकस्त त्याला म्हनावं, ह्या खेपंला तोंड उलट्या बाजूला करून उभा ऱ्हा. म्हंजी माझ्याकडचा पाय सिरिलीकडं, त्याच्याकडचा माझ्याकडं. बघू दे कुनाची जमीन किती दबतीया ती."

सिरिलीनं तुंबा उचलला, एक घोट घेतला, आणि पांतालेओच्या हातात दिला.

"कबूल," तो म्हणाला.